हजार रुपयांत घरपोच सुरी मागवताना

रत्नागिरीजवळच्या एका गावातून जेवणाचे डबे पुरवणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज पंचवीस-तीस माणसांची भाजी चिरावी लागते, गुडघेदुखीमुळे विळीवर बसणे आता जमत नाही, म्हणून ओट्याशी उभे राहून सुरीने काम करायचे आहे. ऑनलाइन दुकानांत पाच-सहा सुऱ्यांचा संच जेवढ्या पैशांत मिळतो, तेवढ्याच पैशांत दुसरीकडे एकच सुरी मिळते. यांतले काय घ्यावे? त्यांचे यजमान सुतारकाम करतात, तेव्हा नुसती पाती मागवून घरी मूठ बसवली तर चालेल का? आणि घरपोच सुरी मागवण्यात कायद्याची काही अडचण येते का? एकूण खर्च हजार रुपयांच्या आत बसायला हवा.

खानावळींच्या आणि हॉटेलांच्या सुऱ्यांना धार लावणे व त्यांना सुऱ्या निवडून देणे हेच माझे काम आहे, त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. संच घेऊ नका. पोलादाचे नाव स्पष्ट लिहिलेली, पातळ पात्याची, साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या मुठीची एकच सुरी घ्या आणि उरलेल्या पैशांत धार लावण्याचा दगड व लाकडी फळी घ्या. स्वस्त सुरी वाईटच असते असे मुळीच नाही. कारखानदाराने पैसे कशावर वाचवले आहेत, एवढाच खरा प्रश्न असतो. मुठीच्या देखणेपणावर, खोक्यावर आणि पात्याच्या चकाकीवर वाचवले असतील, तर आपले काहीच बिघडत नाही. पोलादावर, त्याला पाणी देण्यावर (म्हणजे तापवून व थंड करून कठीण करण्यावर) किंवा पाते घासून पातळ करण्याच्या श्रमावर वाचवले असतील, तर ती सुरी कितीही कमी किमतीत मिळाली तरी महागच पडते. दुकानात सुरी हातात धरून यातले थोडेफार कळते. घरपोच मागवताना समोर फक्त छायाचित्रे आणि शब्द असतात, म्हणून ते शब्द नीट वाचता यायला हवेत.

सर्वांत महत्त्वाचा शब्द पोलादाच्या नावाचा. पाते कठीण होण्यासाठी पोलादात कार्बन लागतो आणि गंज टाळण्यासाठी क्रोमियम लागते. क्रोमियमचे प्रमाण साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक असले की त्या पोलादाला स्टेनलेस म्हणतात. स्वस्त सुऱ्यांचे फार मोठे उत्पादन चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील यांगजियांग शहरात होते, आणि तिथल्या पोलादांची नावे वाचायला सोपी आहेत. '३सीआर१३' या नावातला पहिला आकडा कार्बनचे प्रमाण टक्क्याच्या दशांशात सांगतो आणि शेवटचा आकडा क्रोमियमची टक्केवारी सांगतो. म्हणजे साधारण ०.३ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम. '५सीआर१५एमओव्ही' म्हणजे साधारण ०.५ टक्के कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि जोडीला थोडे मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम. जर्मन पद्धतीच्या स्वयंपाकघरी सुऱ्यांत सर्रास वापरले जाणारे 'एक्स५०सीआरएमओव्ही१५' हे पोलाद याच जातीचे; त्याचेच दुसरे नाव १.४११६. विक्रीच्या पानावर ही नावे रोमन अक्षरांत असतील, पण आकडे ओळखता आले की काम भागते. '४२०जे२' हे नाव दिसले तर ते ३सीआर१३च्या जवळचे समजावे: गंजायला चिवट, धार लावायला सोपे, पण धार टिकवायला कच्चे.

आपल्या कामासाठी ०.५ टक्के कार्बनचे पोलाद मागावे. रोज तीस माणसांचा कांदा आणि कोबी चिरायचा असेल तर ०.३ टक्केवाली सुरी एक-दोन दिवसांतच टोमॅटोच्या सालीवरून घसरू लागते. ०.५ टक्केवाली, व्यवस्थित पाणी दिलेली असेल आणि फळीवरच वापरली, तर आठवडाभर तरी समाधानाने चालते. पाणी दिलेली असेल तर, ही अट मात्र मोठी आहे. स्टेनलेसचे पाते हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने थंड करावे लागते आणि मग पुन्हा मंद उष्णतेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. या कामात कसूर झाली तर उत्तम पोलादाचेही पाते मऊ राहते. चांगला विक्रेता पात्याची कठिणता रॉकवेल मापात देतो. ५४ ते ५८ यांच्यामधला आकडा या वर्गातल्या सुरीसाठी योग्य आहे. पाचशे रुपयांच्या सुरीवर ६२चा दावा दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नये, कारण ०.५ टक्के कार्बनच्या पोलादाकडून एवढी कठिणता मिळण्याची अपेक्षाच चुकीची आहे.

ज्या पानावर पोलादाचे नाव नसून केवळ 'हाय कार्बन स्टेनलेस स्टील', 'जर्मन स्टील' किंवा 'सर्जिकल स्टील' असे शब्द आहेत, ते पान बंद करावे. त्यांपैकी एकाही शब्दातून नेमके पोलाद कळत नाही. 'फूड ग्रेड ३०४' असे अभिमानाने लिहिलेले असेल तर त्याहूनही सावध राहावे. ३०४ हे भांड्यांचे उत्तम पोलाद आहे, पण तापवून थंड केल्याने ते कठीण होत नाही, म्हणून पात्यासाठी ते निरुपयोगी आहे. अशी सुरी हाती आलीच तर ती लोहचुंबकाने ओळखता येते. पाणी देता येणारे सुरीचे पोलाद चुंबकाला घट्ट चिकटते; ३०४चे पाते चिकटत नाही किंवा अगदीच जेमतेम ओढले जाते. मात्र ही परीक्षा एकाच बाजूने खरी आहे. चुंबक चिकटला म्हणजे सुरी चांगलीच, असे होत नाही, कारण ४३०सारखे मऊ पोलादही चुंबकाला चिकटते.

पात्याच्या सजावटीबद्दलही स्पष्ट सांगायला हवे. स्वस्त सुरीवर दिसणारी दमास्कसची, म्हणजे पोलादाचे थर एकत्र घडवल्यावर उमटते तशी, नागमोडी नक्षी बहुधा लेसरने किंवा आम्लाने वरवर उमटवलेली असते. तिचा धारेशी काहीही संबंध नसतो. रंगीत किंवा काळा लेप दिलेले पाते आत काय आहे ते लपवते, आणि धार लावताना तो लेप कडेने निघू लागतो. अन्नाच्या कामात मला ते अजिबात नको वाटते. 'हँड फोर्ज्ड' (हाताने ठोकून घडवलेले) असे लिहून पत्र्यातून कापलेले पाते विकले जाते हेही खरे आहे, परंतु पत्र्यातून कापलेल्या पात्याला कमी लेखण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या, जगभरातल्या खानावळींत राबणाऱ्या प्लास्टिक मुठीच्या सुऱ्या अशाच पत्र्यातून कापलेल्या असतात, आणि त्यांचा हलकेपणा व पातळपणा हाच त्यांचा गुण आहे. 'कधीच धार लावावी लागत नाही' अशी जाहिरात असलेल्या बारीक दात्यांच्या सुऱ्या पाव आणि टोमॅटो यांपुरत्या ठीक आहेत. त्यांना घरी धार लावता येत नाही, त्यामुळे मुख्य सुरी म्हणून त्या घेऊ नयेत. सिरॅमिकची सुरी तर सुरण, भोपळा आणि फणसाच्या घरात आणूच नये. तिची धार पुष्कळ टिकते, पण पाते जरा पिळवटले की टवका उडतो.

आता ज्या गोष्टीकडे ग्राहक सर्वांत कमी लक्ष देतात, तिच्याकडे येतो. सुरी भाजीत सहज उतरते की गाजर कडाक करून फाटते, हे पोलादापेक्षाही पात्याच्या जाडीवर ठरते. पात्याची पाठ दीड ते दोन मिलिमीटर असावी आणि तिथून धारेपर्यंत जाडी सतत उतरत गेलेली असावी. स्वस्त सुऱ्यांत पाते घासण्याचे श्रम वाचवण्यासाठी शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच घाईघाईने उतार दिलेला असतो. अशी सुरी कागद छान कापते, जाहिरातीच्या चित्रफितीत उठून दिसते, पण जाड बटाट्यात किंवा सुरणात अडकून बसते. पानावर जाडी दिलेली नसेल तर ग्राहकांनी टाकलेली छायाचित्रे पाहावीत आणि त्यांत टाचेकडून, म्हणजे मुठीजवळच्या टोकाकडून, पात्याची उतरण दाखवणारे एखादे चित्र शोधावे. वजन हीदेखील चांगली खूण आहे: आठ इंची पात्याची पातळ सुरी साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम भरते. तीनशे ग्रॅमची सुरी 'भक्कम' म्हणून कौतुकाने विकली जाते, पण तासन्‌तास चिरणाऱ्या मनगटाला तो निव्वळ भार होतो.

लांबी वाचताना ती पात्याची आहे की मुठीसकट एकूण आहे, हे पाहावे. 'आठ इंच' म्हणून आलेल्या सुरीचे पाते चारच इंचांचे निघाल्याच्या तक्रारी मी नेहमी ऐकतो. आपल्याला सहा ते आठ इंचांचे पाते हवे आणि टाचेजवळ त्याची रुंदी ४० ते ४५ मिलिमीटर हवी, म्हणजे चिरताना बोटांची पेरे फळीवर आपटत नाहीत. मुठीबाबत माझे मत ठाम आहे. कोकणातल्या दमट हवेत आणि दिवसातून अनेकदा धुतल्या जाणाऱ्या सुरीसाठी पात्याभोवती थेट ओतलेली खरखरीत प्लास्टिकची मूठ सर्वांत बरी. रिव्हेट मारलेल्या स्वस्त लाकडी मुठीत लाकूड आणि पोलाद यांमध्ये फट पडते आणि तिथे अन्न कुजते; काही मुठींवरचे रिव्हेट तर नुसते शोभेचे असतात. स्टीलची पोकळ मूठ तेलकट हातातून निसटते.

संच नको म्हणण्याचे कारण साधे आहे. सहाशे रुपयांच्या संचात पाच सुऱ्या, कात्री, सालकाढणी आणि उभा ठोकळा असेल, तर मुख्य सुरीच्या पोलादासाठी आणि घासकामासाठी उरतात किती? शिवाय पाचांपैकी आपण एकच वापरणार.

पानावर आणखी एक गोष्ट पाहणे आपला हक्क आहे. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा देश आणि कमाल किरकोळ किंमत ही माहिती ऑनलाइन विक्रीतही द्यावी लागते. ज्याने ती दिलेली नाही, त्याच्याकडून पोलादाच्या नावाबद्दल खरेपणाची अपेक्षा कशी करावी? मोठी किंमत खोडून 'ऐंशी टक्के सूट' दाखवलेली असेल तर ती खोडलेली किंमत मनातून काढून टाकावी आणि आहे त्या किमतीत समोरची वस्तू पटते का, एवढेच बघावे. नामांकित सुरी निम्म्याहून कमी किमतीत अनोळखी विक्रेत्याकडे दिसली तर ती बनावट असण्याचीच शक्यता अधिक.

पार्सल फोडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे. टोक मोडलेले किंवा भलतेच पाते आले तर वाद घालावा लागत नाही. सुरी परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, आणि शक्यतो वापरण्याआधीच, तिची तपासणी करावी. पाठ डोळ्यांसमोर धरून पाते सरळ आहे का ते पाहावे. धार सपाट फळीवर टेकवून टाच ते टोक हळूहळू लोळवावी. मध्ये कुठे उजेडाची फट दिसली तर तिथे पाते खोलगट घासले गेले आहे आणि त्या ठिकाणी भाजी पूर्ण तुटणार नाही, सालीने लटकत राहील. धार उजेडाकडे करून बघावी. ती कुठे पांढरी चमकली तर तेवढी जागा बोथट आहे. टोक किंवा धारेची कड निळसर पडलेली दिसली तर घासताना पाते जास्त तापले आहे, आणि तेवढा भाग मऊ झालेला असू शकतो. अशी सुरी परतच करावी. बाकी नव्या सुरीची धार थोडी कमी वाटली तर मी तिला दोष देत नाही, कारण ती दगडावर दहा मिनिटांत सुधारते. वाकडे पाते किंवा निळी पडलेली कड घरी सुधारता येत नाही.

विक्रेता दाद देत नसेल तर तक्रार लेखी करावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तरीही काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नुसत्या पात्यांचा विचार यजमानांच्या हातात कसब असल्यामुळे अवश्य करावा, पण पहिल्या सुरीसाठी नव्हे. स्वीडनमधल्या मोरा या गावाच्या परिसरात सुऱ्या बनवण्याची जुनी परंपरा आहे आणि तिथली सुटी पाती जगभर घरपोच जातात. लोक आपापल्या मापाची मूठ त्यांना बसवतात. पोलाद आणि पाणी दोन्ही भरवशाचे, आणि किंमतही मुळात माफक. तथापि ती पाती लाकूड कोरण्यासाठी आणि रानातल्या कामासाठी असतात. चार इंचांच्या आसपास लांब आणि भाजीसाठी जाड. परदेशातून मागवल्यास जकात आणि वाहतूक मिळून खर्च हजाराच्या बाहेर जातो. आपल्याकडे विकली जाणारी सुटी पाती पुष्कळदा मोटारीच्या स्प्रिंगपाट्यांच्या पोलादाची असतात. ते पोलाद चिवट आणि चांगले असते, परंतु गंजते. कैरी, कोकम, कांदा यांनी काळे पडते, आणि ही सवय लोखंडी विळी वापरलेल्या घराला नवी नाही. वापरून झाल्यावर लगेच धुऊन, कोरडे करून, खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुरते. मागवण्यापूर्वी मात्र पात्याला पाणी दिलेले आहे की ते कच्चे आहे, हे विक्रेत्याला लेखी विचारावे. कच्चे पाते स्वस्त दिसते, पण त्याला पाणी देणारा जाणता लोहार जवळ नसेल तर ते केवळ धारदार दिसणारी पट्टी असते.

मूठ बसवताना बाभूळ किंवा शिसवाचे पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे. शेपटीला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागाला, आधीच भोके असलेले पाते निवडावे, कारण पाणी दिलेल्या पोलादात घरचे ड्रिल चालत नाही. पितळी खिळ्यांबरोबर दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद लावून तो चोवीस तास धरू द्यावा, म्हणजे लाकूड आणि पोलाद यांमध्ये पाणी शिरायला जागा उरत नाही. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. मूठ यंत्राच्या फिरत्या पॉलिश पट्ट्यावर घासताना पाते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. कार्बन पोलादाचे पाते तापून निळे झाले, म्हणजे साधारण तीनशे अंशांपर्यंत गेले, की त्याची कठिणता उतरलेली असते आणि ती घरी परत आणता येत नाही.

कायद्याबद्दल निश्चिंत राहा, पण मर्यादा माहीत असू द्या. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातून घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली पाती वगळलेली आहेत. स्वयंपाकाची सुरी मागवणे त्यामुळे निर्धोक आहे. शोभेच्या नावाखाली विकले जाणारे खंजीर, तलवारी आणि बटण दाबून उघडणारे चाकू मात्र मागवू नयेत. कुरिअरने तलवारी मागवल्याच्या प्रकरणांत महाराष्ट्रात पोलिसांनी कारवाई केलेली आहे. एक व्यावहारिक सूचना डब्यांच्या कामासाठी: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे सोबत नेण्यास मनाईचे आदेश निघतात तेव्हा सुरी उघडपणे सोबत नेणेही अडचणीचे ठरू शकते, म्हणून बाहेरच्या कार्याला जाताना सुरी म्यानात घालून भांड्यांच्या पेटीत तळाशी ठेवावी.

उरलेल्या पैशांतून आधी फळी घ्यावी. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचे ताट आणि काचेची फळी यांवर चिरल्याने जेवढ्या धारा बिघडतात, तेवढ्या हलक्या पोलादाने बिघडत नाहीत, हे मी खानावळीमागून खानावळीत पाहतो. लाकडाची किंवा पांढऱ्या प्लास्टिकची जाड फळी ओल्या फडक्यावर ठेवली की ती सरकत नाही. दगड ४०० (भरड) आणि १००० (बारीक) अशा कणांच्या दोन बाजूंचा घ्यावा. खाचेतून सुरी ओढण्याचे स्वस्त यंत्र घेऊ नये, कारण ते धारेचे पोलाद ओरबाडून काढते आणि काही महिन्यांत पाते मध्येच खोलगट होते.

दगड पाण्याने ओला करून सुरी पंधरा ते वीस अंशांत धरावी. कोन मोजायची सोपी रीत अशी: पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १२ ते १५ मिलिमीटर वर राहिली पाहिजे. एका बाजूने घासत असताना दुसऱ्या बाजूला टाचेपासून टोकापर्यंत बारीक कोर उलटलेली बोटाला जाणवेपर्यंत थांबू नये. ती जाणवली की बाजू बदलावी, मग बारीक बाजूवर हलक्या हाताने दोन्हीकडून आळीपाळीने फिरवून ती कोर काढावी. दोन पूर्ण धारांमधल्या काळात चिनी मातीच्या कपाच्या तळाशी असलेल्या खरखरीत, चकाकी नसलेल्या कड्यावर पाते चार-पाच वेळा फिरवले तरी सुरी पुन्हा टोमॅटोत उतरते. बाहेरच्या धारवाल्याकडे द्यायची वेळ आलीच तर कोरड्या ग्राइंडरवर ठिणग्या उडवत घासू देऊ नये. पाते मधूनमधून पाण्यात बुडवून थंड करणाराच कारागीर शोधावा.